पाणंद रस्ता करायला सांगण्याआधी

पाणंद रस्ते, म्हणजे शेताकडे जाणारे रस्ते, आम्ही करून देतो. 1972 च्या दुष्काळात आमचे आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मंगळवेढ्याच्या शिवारात आमच्या घराचा रस्त्याच्या कामाशी संबंध आला तो तेव्हा. पुढे वडिलांनी कर्ज काढून ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली आणि मुरूम वाहायला सुरुवात केली. 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, वाहतुकीची कामं वाढली, त्यातून जुना जेसीबी आला. नंतर पोकलेन, टिपर. रोलर मात्र सगळ्यात शेवटी घेतला, आणि ती आमची मोठी चूक होती.

रोलर नव्हता तेव्हा आम्ही एका शेतकऱ्याच्या पाणंदीवर काळ्या मातीवरच मुरूम टाकला आणि ट्रॅक्टर फिरवून दबाई झाली असं समजलो. पहिल्याच पावसाळ्यात उसाची ट्रॉली आसापर्यंत रुतली. तो रस्ता आम्ही आमच्या खर्चानं उकरून पुन्हा केला. त्यानंतर पहिला पैसा साठला तो रोलरला घातला.

आपली काळी माती ज्वारीला सोन्यासारखी आहे, पण पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर कितीही चांगला मुरूम टाका, खालून ती हलतच राहते. म्हणून आधी वरची भुसभुशीत माती काढतो, दोन्ही बाजूंना चारी खणतो, मधला भाग थोडा उंच ठेवतो. ओढ्याचं पाणी आडवं जात असेल तिथं सिमेंटच्या नळ्या टाकल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. मग मुरमाचे थर, प्रत्येक थरावर टँकरचं पाणी आणि रोलर. कोरड्या मुरमावर रोलर फिरवून उपयोग नाही, तो नीट बसत नाही. आमचा दर काही ठिकाणी जास्त वाटतो तो या चारीमुळे, नळ्यांमुळे आणि पाण्यामुळे. ते कमी करून दर उतरवा म्हणाल, तर आम्ही नाही म्हणू.

मापाचं समजून घ्या. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली आतून 10 फूट लांब, 5 फूट रुंद, 2 फूट उंच असेल आणि काठोकाठ भरली असेल, तर एक ब्रास. पहिली खेप आली की स्वतः टेप लावा, आमच्या माणसाला राग येणार नाही. 300 फूट लांब आणि 12 फूट रुंद रस्त्यावर 9 इंच सैल मुरूम टाकायचा तर 27 ब्रास लागतो. दबल्यावर तो साधारण 7 इंच उरतो. मुरूम चोरला, अशी शंका बहुतेक वेळा इथंच येते.

मशीन तासावर असेल तर सुरू करताना आणि बंद करताना मीटरचा आकडा तुमच्यासमोर वहीत लिहितो, खाली तुमची सही घेतो. डिझेल भरायला किंवा दुरुस्तीला गेलेला वेळ धरत नाही. मुरूम परवानगीच्या खाणीतूनच येतो. वाहतुकीचा पास मागून बघा.

ज्वारी निघाली की पाऊस लागेपर्यंतचे दिवस या कामाला चांगले, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास सांगून ठेवा. गटाचा नकाशा काढून आणा आणि बांधालगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना मोजणीच्या दिवशी हजर ठेवा. त्यांची लेखी संमती हातात आल्यावरच मशीन शिवारात उतरेल.