काटकोन ओळखायला कोनमापक कशाला?

लंब रेषा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक आडवी आणि तिच्यावर ताठ उभी अशी जोडी येते. फळ्यावर ती कायम तशीच काढतात, त्याचा हा परिणाम. वही तिरकी धरा. दोन्ही रेषा तिरप्या होतील, लंबपणा मात्र तसूभरही ढळणार नाही. युक्लिडची काटकोनाची व्याख्या पाहा: एका रेषेवर दुसरी अशी टेकली, की दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले, तर त्यातला प्रत्येक काटकोन. इथे आडवं-उभं नाही आणि 90 हा आकडाही नाही.

90 आला 360 मुळे, आणि फेरीचे 360 भाग ही माणसाने केलेली सोय. या संख्येला 24 विभाजक आहेत, त्यामुळे वाटण्या सोप्या पडतात. अंकशास्त्रवाले तिच्यात विश्वाचं रहस्य शोधतात. त्यांनी ग्रेडियन हे एकक जरूर पाहावं, तिथे काटकोन 100 चा असतो! काटकोनाहून लहान तो लघुकोन, मोठा पण 180 अंशांच्या आतला तो विशालकोन, हे शाळेत झालेलंच आहे.

खरी मजा आलेखकागदावर. आरंभबिंदूपासून 3 घरं उजवीकडे, 1 घर वर जा. रेषेचा चढ 1/3. आता ती घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात फिरवा. ‘उजवीकडे 3’ चं झालं ‘वर 3’, आणि ‘वर 1’ चं ‘डावीकडे 1’. नवा बिंदू (−1, 3), चढ −3. दोन्ही चढांचा गुणाकार −1. हे सूत्र आपण घोकलेलं असतं. त्यातलं ऋण चिन्ह येतं ते डावीकडे गेलेल्या त्या एका घरामुळे.

पण उभ्या रेषेला चढच नसतो, शून्याने भागावं लागतं. म्हणजे फळ्यावरची ती लाडकी जोडीच सूत्राबाहेर! मग भागाकारच टाळू. (3, 1) आणि (−1, 3) मधले पहिले अंक एकमेकांशी गुणा, दुसरे एकमेकांशी, आणि बेरीज करा: −3 + 3 = 0. ही बेरीज म्हणजे दोन्ही भुजांच्या लांबींचा गुणाकार गुणिले कोनाचा कोसाइन. कोसाइन म्हणजे कोनावरून ठरणारी एक संख्या: लघुकोनाला धन, काटकोनाला शून्य, विशालकोनाला ऋण. लांबी नेहमी धन, त्यामुळे चिन्ह ठरवतो कोसाइन. 0 आणि 180 अंश ही टोकं सोडली, तर बेरीज धन असताना लघुकोन, शून्य असताना काटकोन, ऋण असताना विशालकोन.

(2, 5) आणि (4, −1) घ्या. 8 − 5 = 3, म्हणजे लघुकोन. नुसत्या नजरेला कदाचित काटकोन वाटेल; तो आहे सुमारे 82 अंशांचा. त्रिमितीत तिसऱ्या अंकांचा गुणाकार तेवढा बेरजेत वाढतो.