बीसीए तीन वर्षांचं, बीई चार वर्षांचं: हा हिशेबच चुकलेला आहे

जून लागला की माझ्या दुकानात एकच प्रश्न येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लाइन गेली की कण्हत चालणारा एक इन्व्हर्टर. बाहेर पेरणीची घाई, आत ॲडमिशनची. बाप दुपट्ट्यानं तोंड पुसत टेकतो, प्लास्टिकच्या थैलीतून पोराची मार्कशीट काढतो आणि विचारतो, "भाऊ, पोराले आयटीत टाकाचं हाय. चार वर्षावालं घ्याचं का तीन वर्षावालं? शिकवते तं सारखंच म्हन्ते. मंग एक वर्ष वाचते ना!"

चार वर्षावालं म्हणजे इंजिनिअरिंगचं आयटी, बीई किंवा बीटेक. तीन वर्षावालं म्हणजे बीसीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशनची पदवी), नाहीतर त्याच्या जवळपासचं काहीतरी. गावात दोन्हीला "आयटी"च म्हणतात. तसं पाहिलं तर आयटीआयलाही म्हणतात. एका आजोबांनी नातू आयटीत लागला म्हणून माझ्या दुकानात पेढे दिले होते, तो आयटीआयला फिटरमध्ये लागला होता. पेढे चांगले होते, आणि त्या पोराला काम त्याच्या शाळेच्या वर्गातल्या बऱ्याच इंजिनिअरांच्या आधी मिळालं, ते सोडा.

"एक वर्ष वाचते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की हातातला माउस ठेवून देतो. मी स्वतः बीसीए करून मग एमसीए (त्याच्या पुढची पदव्युत्तर पदवी) केलेला माणूस आहे, त्यामुळे बीसीएला नावं ठेवतोय असं कोणी समजू नये.

इंजिनिअरिंगचं फार सांगत बसत नाही. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), पर्सेंटाइल, कॅप राउंड (सरकारची एकत्रित प्रवेश फेरी), ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंतीची यादी) हे शब्द आता पानटपरीवरही ऐकू येतात. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुप हवा, खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के हवेत. पहिल्या वर्षी आयटीच्या पोरालाही ड्रॉइंगच्या शीटा काढाव्या लागतात, आणि त्या तो शेजारच्या होस्टेलवाल्याच्या पाहून काढतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बीसीएला बारावी कुठल्याही शाखेची चालते. आर्ट्सवालाही येतो, बायोलॉजीवालाही. पूर्वी थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरला की झालं. २०२४-२५ पासून हा कोर्स एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) हाताखाली आला आणि राज्यानं त्याची वेगळी सीईटी सुरू केली. तेव्हापासून सीईटीची कटकट चुकवायला कोर्सचं नाव जरा इकडंतिकडं फिरवणारी कॉलेजं निघाली. म्हणून माझं एक सांगणं असतं: माहितीपत्रकावर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो पाहू नका, पदवीचं पूर्ण नाव वाचा. तुमच्या पोराच्या सर्टिफिकेटवर तेच छापून येणार आहे.

आता किरकोळ घोळ एका दमात काढून टाकतो. बीई की बीटेक? ते विद्यापीठावर असतं. काही विद्यापीठं बीई देतात, काही बीटेक. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली काही कॉलेजं विदर्भातही आहेत, तिथं बीटेक मिळतं. फरक शून्य. इंजिनिअरिंगला आयटी घ्यावं की कॉम्प्युटर? यावर रात्र जागवू नका, जिथं जवळचं बरं कॉलेज मिळेल ते घ्या. नोकरीच्या जाहिरातीत ही दोन नावं जोडीनंच येतात. बीसीए की बीएस्सी आयटी? जवळजवळ सारखंच. पण बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्याला पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, तेवढं लक्षात ठेवा. नागपूरकडं बीसीसीए नावाचं आणखी एक आहे, त्यात एक "सी" कॉमर्सचा आहे. अकाउंट्स आवडत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एका "सी"साठी तीन वर्षं डेबिट-क्रेडिट करणारी पोरं मी पाहिली आहेत.

झालं. आता मूळ घोटाळा.

"शिकवते सारखंच" हे बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. सी, जावा, पायथन, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग दोन्हीकडं आहे. इंजिनिअरिंगला गणिताचे पेपर जास्त, ऑटोमॅटा, कंपायलर वगैरे जास्त. पण चांगला बीसीएवाला वाईट इंजिनिअरला कोडिंगमध्ये आरामात मागं टाकतो, हे मी छातीठोक सांगतो. फरक शिकवण्यात शोधत बसलात तर फारसा सापडणार नाही. फरक आहे तो पदवी संपल्यावर कोण तुम्हाला कुठल्या रांगेत उभं करतं यात.

बोलण्यापेक्षा मी स्क्रीनच फिरवून दाखवतो. सरकारी बँकांत आयटी ऑफिसर व्हायचं असेल तर आयबीपीएस या बँकभरतीच्या संस्थेची स्पेशालिस्ट ऑफिसरची परीक्षा असते. त्या जाहिरातीत पात्रतेचा रकाना वाचा. पहिल्यांदा लिहिलंय: कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे विषयातली चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी. त्याखाली "किंवा": कॉम्प्युटर सायन्स, आयटी, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे आपलं एमसीए. त्याखाली आणखी एक "किंवा": कुठलीही पदवी आणि सोबत डोएकची (आता नायलिट म्हणतात, सरकारी कॉम्प्युटर शिक्षणाची संस्था) "बी" लेव्हल. बीसीए हे नाव त्यात कुठंच नाही. बीसीएवाला नुसता बीसीए म्हणून तिथं येतो तो बीएवाल्याच्या जागी, "कुठलीही पदवी" या शब्दांत.

ही एक जाहिरात झाली, पण रांगांची मांडणी बाहेरही अशीच दिसते. मोठ्या आयटी कंपन्या भरतीच्या वेळी एका बाजूला बीई, बीटेक, एमसीए, एमएस्सी असा गठ्ठा करतात आणि दुसऱ्या बाजूला बीसीए, बीएस्सीचा. टीसीएस दुसऱ्या गठ्ठ्यासाठी वेगळी भरती काढते. विप्रोची एक योजना आहे, त्यात बीसीए-बीएस्सीवाल्यांना कामावर घेऊन सोबत एमटेक शिकवतात. ही योजना चांगली आहे, मी पोरांना आवर्जून तिचा फॉर्म भरायला लावतो. पण ती काय सांगते ते बघा. कंपनी स्वतःच म्हणते आहे की तुझं शिक्षण अजून पुरं व्हायचं आहे, चल, आपण नोकरी करत करत पुरं करू.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. बीसीए, ७८ टक्के, हुशार. एका कंपनीचा फॉर्म भरायचा होता. मी "क्वालिफिकेशन"च्या चौकटीवर क्लिक केलं, यादी खाली उघडली: बीई, बीटेक, एमई, एमटेक, एमसीए. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. म्हणाली, "दादा, जरा खाली सरकवा ना." यादी तिथंच संपली होती. मी तरी दोनदा खालीवर सरकवलं, उगाच. तिनं कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा तिच्या घरी सांगितलं होतं की तीन वर्षांत इंजिनिअरचीच नोकरी लागेल. सांगणारा एका कॉलेजचा माणूस होता, दर ॲडमिशनमागं त्याला काहीतरी मिळत असणार. असे लोक मे महिन्यात दुचाकीवरून गावोगाव फिरतात आणि बापापेक्षा आईशी जास्त गोड बोलतात. मला या लोकांचा इतका राग आहे की माझ्या दुकानात मी त्यांची पत्रकं ठेवू देत नाही.

तर हिशेब असा करा. आयटीत, इंजिनिअरच्या रांगेत उभं राहायचं असेल तर तीन आणि चार यांची तुलनाच नाही. तुलना आहे चार आणि पाच यांची. बीसीए तीन, त्यावर एमसीए दोन. २०२० पासून एमसीए तीनचं दोन वर्षांचं झालं, नाहीतर आधी हा आकडा सहा होता आणि माझ्यासारख्यांनी तो भोगला आहे. म्हणजे वर्ष वाचत तर नाहीच, उलट एक जास्त जातं. शिवाय एमसीएला पुन्हा सीईटी, पुन्हा कॅप, पुन्हा कागदपत्रं. आणि एमसीए आपल्या तालुक्याच्या कॉलेजात क्वचितच असतं. म्हणजे अमरावती, नागपूर किंवा पुणे, म्हणजे दोन वर्षांची खोली आणि मेस. घरून एसटीनं जाऊन केलेल्या बीसीएची बचत तिथं निघून जाते.

आता नवीन शैक्षणिक धोरणानं यात आणखी एक गोंधळ टाकला. बीसीएला चौथं ऑनर्सचं वर्ष आलं. लगेच लोक म्हणायला लागले, "आता तं दोन्ही चार वर्षाचेच झाले, म्हंजे सेम." नाही हो काका. जाहिरातीत "चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी" असं लिहिलंय. त्यातला "चार वर्षांची" हा अर्धाच भाग वाचू नका.

मग बीसीए करूच नये का? कराच, पण कशासाठी करतोय ते माहीत असू द्या. ज्या पोरानं अकरावीला पीसीबी, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी घेतलं (आपल्याकडं बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की कॉलेजात गणिताला सर नव्हते, किंवा मित्रानं घेतलं होतं) आणि बारावीत नीटचा निकाल बघून जागा झाला, त्याला इंजिनिअरिंगचं दार बंद आहे. बीसीएचं उघडं आहे. आणि बीसीए झालेल्याला एमसीएला बारावीचं गणित आडवं येत नाही. म्हणजे गणित नसतानाही तो पाच वर्षांनी आयबीपीएसच्या त्याच रकान्यात येऊन पोचतो. माझ्या मते बीसीएची खरी किंमत ही आहे, आणि कॉलेजच्या पत्रकावर नेमकी हीच गोष्ट नसते. तिथं "शंभर टक्के प्लेसमेंट" असतं.

दुसरा, ज्याला एमपीएससी, बँकेची पीओ, असं काही करायचं आहे. तिथं पदवी कुठलीही चालते, मग घरी राहून, शेताकडं पाहून होणारी तीन वर्षांची पदवी शहाणपणाची. तिसरा, खरोखर कोडिंगचा नाद असलेला. पुण्यातल्या लहान कंपन्या काम पाहतात, पदवी नंतर विचारतात. पण प्रत्येक बापाला आपला पोरगा हाच तिसरा वाटतो. मोबाइल चांगला चालवता येणं म्हणजे कोडिंगचा नाद नव्हे, हेही मला दर आठवड्याला सांगावं लागतं.

पैशांचं एक. फी भरायची वेळ जुलै-ऑगस्टात येते, आणि तेव्हा आपला सगळा पैसा वावरात पेरलेला असतो. कापूस-सोयाबीन हातात येतं दसऱ्याच्या पुढं. त्यामुळे लोक फीच्या आकड्याला घाबरून इंजिनिअरिंग सोडतात. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलांनाही महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) वेगवेगळ्या योजना आहेत. अट एकच, जी लोक ऐकत नाहीत: प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. म्हणून पोरगी असेल तर मी आधी कॅपचाच फॉर्म उघडतो, बाकी चर्चा नंतर.

तर एका दिवशी हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका बापाला मी हे सगळं सांगितलं. पोराला बारावीला गणित होतं, सीईटी दिलेली होती, पर्सेंटाइल बऱ्यापैकी होतं. म्हटलं, चार वर्षावालंच घ्या, ऑप्शन फॉर्म मी भरून देतो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आन लहान्याचं काय? तो दहावी झाला यंदा."

त्याला तिसरीच वाट सांगितली. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा, तीन वर्षं. मग थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग, आणखी तीन. दहावीनंतर एकूण सहा, बारावी करून गेलेल्यालाही दोन आणि चार सहाच लागतात. सीईटी कुठंच नाही. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे, मूर्तिजापूर, खामगाव, आर्वीलाही आहे.

"पॉलिटेक्निक," तो पुटपुटला. माझ्या टेबलावरचा पेन उचलून त्यानं मार्कशीटच्या थैलीवरच ते लिहायचा प्रयत्न केला. प्लास्टिकवर उमटेना. मी त्याला पावतीचा कागद दिला.