किरा मुरातोवा

किरा मुरातोवा (5 नोव्हेंबर 1934 – 6 जून 2018) : सोव्हिएत काळातल्या आणि नंतर युक्रेनच्या चित्रपट दिग्दर्शिका. देश कुठला हा घोळ जन्मापासूनचाच. जन्मगाव सोरोका तेव्हा रोमानियात होतं, 1940 ला सोव्हिएत युनियनमध्ये गेलं, आता मोल्दोवात आहे. आई रोमानियन डॉक्टर, वडील रशियन, सिनेमे मुख्यतः रशियन भाषेत. त्यामुळे कुणी रशियन म्हणतं, कुणी युक्रेनी. पण 1961 ला युक्रेनमधल्या ओडेसाच्या फिल्म स्टुडिओत लागल्या आणि वारल्याही ओडेसातच, तेव्हा 'ओडेसाच्या' म्हणणंच जास्त पटतं.

शिक्षण मॉस्कोच्या व्गिक या सरकारी चित्रपट संस्थेत, दिग्दर्शक गेरासिमोव्ह यांच्याकडे. सुरुवातीचं काम नवरा अलेक्झांडर मुरातोव्हसोबत, पुढे घटस्फोट झाला, आडनाव तेवढं राहिलं.

'छोट्या गाठीभेटी' (1967) हा स्वतंत्र पहिला सिनेमा. त्यात नगरपालिकेत पाणीपुरवठा बघणारी बाई स्वतः मुरातोवांनीच केली, तिचा फिरस्ता भूगर्भशास्त्रज्ञ प्रियकर म्हणजे गायक व्लादिमीर विसोत्स्की, आणि त्याच्याच प्रेमात पडलेली खेड्यातली पोरगी तिच्याच घरी कामाला येते. थोडंफार दाखवून तो गुंडाळला गेला. नंतरचा 'लांबलेला निरोप' (मुलगा दूर जाईल म्हणून कासावीस झालेली आई, बास) तर थेट फडताळात, म्हणजे दाखवलाच नाही. म्हणून याचं साल कुठे 1971 तर कुठे 1987 दिसतं. पहिलं तयार झाल्याचं, दुसरं लोकांसमोर आल्याचं, आणि पहिलंच धरावं. सरकारचा राग नक्की कशावर यावर मतं वेगळी आहेत, कारण सरकारविरोधी असं दोन्हींत काहीच नाही. विषयापेक्षा मांडणी खुपली असावी, म्हणजे तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणारी माणसं, मधेच तुटणारे शॉट.

'करड्या दगडांमध्ये' (1983) इतका कापला की बाईंनी नावच काढून घेतलं, श्रेयनामावलीत 'इवान सिदोरोव्ह' आलं, म्हणजे आपल्याकडचा सोम्यागोम्या.

1986 नंतर वारं फिरलं, जुने सिनेमे बाहेर आले. तरी 'अ‍ॅस्थेनिक सिंड्रोम' (1989) पेरेस्त्रोइकाच्या (गोर्बाचेव्हच्या सुधारणांच्या) ऐन भरात अडकलाच, मेट्रोत एक बाई घाण शिव्या देते त्यावरून. 1990 ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालं.

पुढेही बरेच सिनेमे केले. 2012 च्या शेवटच्या सिनेमात एक माणूस जुन्या वर्गमैत्रिणीकडे सल्ला मागायला येतो, बायको की प्रेयसी म्हणून, आणि हाच प्रसंग नट बदलून बदलून परत परत चालू राहतो.