जमीन विकत घेतली, पण गवताचे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला ओकलंड आणि बर्कली या शहरांच्या पाठीशी डोंगर आहेत. शहरांना लांबून नळाचे पाणी मिळू लागले, तशी तिथली पाणलोटाची बरीच जमीन पाणीपुरवठा संस्थेला जास्तीची झाली. तिचे प्लॉट पडण्याआधी, १९३४ साली, ऐन महामंदीत, मतदारांनी आपणहून कर मान्य केला: मालमत्तेच्या दर १०० डॉलर करपात्र किमतीमागे ५ सेंट. त्यातून ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट ही तिथली उद्याने सांभाळणारी सार्वजनिक संस्था उभी राहिली. दोन वर्षांनी सुमारे २,१६० एकर जमीन हाती आली. आज सव्वा लाख एकरांच्या जवळपास जमीन त्यांच्या ताब्यात आहे.

ताबा मिळाला की खरे काम सुरू होते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. बहुतेक गवत परदेशातून आलेले, वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून मरणारे. उन्हाळा लागताच ते वाळते. चरले नाही तर थरावर थर साचतो, खाली नवा कोंब धरत नाही, आणि वणव्याला आयते जळण मिळते. हळूहळू झुडपे शिरतात आणि माळ संपतो. म्हणून डिस्ट्रिक्ट आपल्या बऱ्याचशा जमिनीवर कराराने गुरे चारते.

गुरे किती, हे गवतच सांगते. पहिल्या पावसाआधी माळावर सुमारे एक चौरस फूट जागा घेरणारे गोल कडे टाकायचे, आतले वाळके गवत जमिनीलगत कापायचे आणि तोलायचे. १० ग्रॅम भरले तर एकरी जवळपास १,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे किलो. उतार जितका तीव्र, तितके जास्त गवत मागे ठेवावे लागते. कमी उरले तर पहिल्याच सरीत माती धुपते.

आखूड गवताचा फायदा कोणाला होतो, ते पाहण्यासारखे आहे. बिळे करणाऱ्या खारींना मोकळा माळ लागतो. त्यांच्या बिळांत टायगर सॅलमँडर हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी उन्हाळा काढतो आणि पावसात अंडी घालायला डबक्यांकडे निघतो. यातली कित्येक तळी गुरांच्या पाण्यासाठी बांधलेली. ती गाळाने भरली की पिल्ले मोठी व्हायच्या आत आटतात. कधीच आटली नाहीत तरी घात, कारण बाहेरून आलेला बुलफ्रॉग हा मोठा, खादाड बेडूक तिथे माजतो. त्याच्या पिल्लांना बेडूक व्हायला बहुधा वर्षाहून अधिक लागते. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी आटणारे तळे उत्तम. गाळ काढताना एवढा एकच हिशेब चुकला तरी तळे वाया जाते.

माणसांच्या पायांचाही हिशेब आहे. फ्रीमाँटला, जिथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत, मिशन पीक या डोंगरावर चढणाऱ्यांची गर्दी असते. वळणे टाळून सरळ वर जाणारा शॉर्टकट पडला की पाणी त्याच रेषेत धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होते. चांगली पायवाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. तिला दरीकडे सुमारे ५ टक्के कल देतात, म्हणजे मीटरभर रुंदीला ५ सेंटिमीटर, त्यामुळे पाणी वाटेवर न थांबता आडवे उतरते. वापराने बाहेरची कडा उंचावते आणि वाटेचा पाट होतो. ती कडा फावड्याने पुन्हा उतरवावी लागते, आणि शॉर्टकटवर फांद्या टाकून तो बुजवावा लागतो.

डिस्ट्रिक्टच्याच टिल्डन पार्कमध्ये तर साउथ पार्क ड्राइव्ह हा अख्खा रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. त्या महिन्यांत न्यूट नावाचे उभयचर प्राणी ओढ्याकडे जाताना तो ओलांडतात.