नळाच्या चावीची दुरुस्ती

नळाच्या चावीची दुरुस्ती : घरगुती नळ सोडण्या-बंद करण्यासाठी हाताने फिरवायची चावी (मूठ, पाकळी किंवा दांडी) सैल होणे, गरागरा फिरणे, जाम होणे, तडकणे किंवा तिच्या मुळाशी पाणी झिरपणे या दोषांवर नळ न बदलता केले जाणारे किरकोळ काम. चावी नळाच्या दांड्यावर (स्पिंडल) बसते, दांडा आट्यांवर फिरत खाली-वर होतो, दांड्याच्या टोकाचा वॉशर पितळी बैठकीवर दाबला जाऊन पाणी थांबते. दांडा जिथून बाहेर येतो तिथले पाणी ग्लँड नट व त्याखालचे भरण अडवते. चावीत दिसणाऱ्या दोषाचे मूळ बहुतेक वेळा या खालच्या भागांत असते. नुसती चावी बदलली की तोच दोष काही महिन्यांत परत येतो, तो याच कारणाने.

इतिहास : फिरवण्याचे नळ रोमन काळापासून ज्ञात आहेत. त्यांत उभ्या कांस्य नळकांड्यात आरपार भोक असलेला किंचित निमुळता गट्टू बसवलेला असे. तो पाव फेरा फिरवला की भोक प्रवाहाच्या रेषेत येई. इटलीतील पाँपेई येथील शिशाच्या नळमार्गांवर तसेच त्याच देशातील नेमी सरोवरातून १९२९–३२ या काळात बाहेर काढलेल्या इ. स. पहिल्या शतकातील जहाजांवर असे नळ मिळाले आहेत. अनेक नमुन्यांत गट्टूच्या डोक्यावर चौकोनी खाच किंवा भोक आढळते. त्यात वेगळी दांडी घालून नळ फिरवीत आणि काम झाल्यावर ती काढून घेत, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. हे नळ नेमके कशासाठी होते याविषयी मतभेद आहे. रोमन जलव्यवस्था अखंड वाहत्या पाण्याची होती, नळ केवळ साफसफाई व दुरुस्तीपुरते प्रवाह तोडण्यासाठी बसवीत, असे एक मत. घरोघरी मिळालेल्या लहान आकाराच्या नळांकडे बोट दाखवून दुसरा पक्ष ते रोजच्या वापराचे ठरवतो. काढता येणारी दांडी पहिल्या मताला अधिक पोषक वाटते, कारण दिवसातून दहादा वापरायच्या नळाची दांडी कोणी वेगळी ठेवणार नाही. मात्र सर्व नमुने एकाच प्रकारचे नाहीत आणि त्यांतील काहींचा काळही सैलपणेच सांगता येतो.

गट्टूचा नळ एकोणिसाव्या शतकापर्यंत यूरोपात चालू राहिला. शहरांना जास्त दाबाने व सतत पाणी मिळू लागल्यावर त्याचे दोन दोष पुढे आले. गट्टू झिजून गळू लागे आणि नळ झटक्यात बंद झाल्याने नळमार्गात दाबाचा हादरा बसे. पुष्कळ फेरे फिरवून हळूहळू बंद होणारा आट्यांचा नळ हे त्यावरचे उत्तर होते. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळ-ओतकामाच्या कारखान्याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, असे बहुतेक संदर्भग्रंथ देतात. आट्यांवर चालणाऱ्या झडपेची कल्पना त्याआधीची असणे शक्य आहे, परंतु घरगुती नळापुरते १८४५ हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित. आजच्या चावीची जडणघडण या नळापासून सुरू होते: पूर्वी पाव फेऱ्यापुरती लागणारी दांडी आता कित्येक फेरे बोटांच्या पकडीत फिरवायची असल्याने तिला चार पाकळ्या किंवा गोल मूठ आली.

महाराष्ट्रात पेशवेकाळात पुण्याला कात्रजहून भूमिगत नळाने पाणी येई (अठराव्या शतकाचा मध्य), तथापि ते हौदांत पडे आणि तेथून भरून घेत. बंद करता येणाऱ्या नळांचा प्रसार मुंबईत विहार तलावाचे पाणी आल्यानंतर (१८६०) झाला असावा.

दोषांची कारणे : १५ मिमी. नळाच्या बैठकीचे भोक १२ मिमी. व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौ. सेंमी. भरते. गच्चीवरच्या टाकीतील पाणी नळापासून १० मी. उंच असेल, तर तेथील दाब दर चौ. सेंमी. ला सुमारे १ किग्रॅ. असतो. म्हणजे वॉशरला वर ढकलणारा जोर जेमतेम १.१ किलोग्रॅम, आणि आट्यांच्या यांत्रिक फायद्यामुळे तो अडवायला दोन बोटांची ताकद पुरते. तरीही घराघरांत नळ करकचून पिळले जातात, कारण वॉशर कडक झालेला असतो किंवा बैठकीवर चरा पडलेला असतो. चार दिवस जोर लावून गळती थांबते, मग आणखी जोर लावावा लागतो. हा सगळा भार चावी व दांडा जिथे एकमेकांत अडकतात त्या बारीक दातांवर येतो आणि शेवटी दात जातात. दर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून, २० थेंबांचा एक मिलि. धरल्यास, दिवसाला ४.३ लि. पाणी वाया जाते. दात गेलेली चावी तर नळ बंदच करू देत नाही.

दुसरे कारण क्षार. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट दांड्यावर व चावीच्या पोटात साचते आणि चावी दांड्याला धरून बसते. तिसरे कारण धातूंची जोडी. स्वस्त चाव्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असून त्यांवर क्रोमियमचा मुलामा असतो. मुलाम्याला चीर गेली की पाण्याच्या संगतीत पितळेपेक्षा जस्त आधी गंजते, त्यावर पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू अडकून पडतो. संडास साफ करण्याच्या ॲसिडचे शिंतोडे क्रोमियमचा मुलामा विरघळवतात, हे या बिघाडाचे न सांगितले जाणारे पण नेहमीचे कारण आहे. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावांत पहिल्या लोटाबरोबर वाळू व गंजाचे कण येतात. ते बैठक खरवडतात, आणि पुढचे सारे वर सांगितल्याप्रमाणे घडते.

दुरुस्ती : प्रथम त्या नळाचा अँगल कॉक (नळाआधी भिंतीवर बसवलेला छोटा बंद-चालू कॉक) किंवा टाकीखालचा मुख्य कॉक बंद करून नळात उरलेले पाणी सोडून देतात. सांडपाण्याच्या जाळीवर फडके टाकणे इष्ट, कारण स्क्रू नेमका तिथेच जातो. चावीच्या डोक्यावरची लाल-निळी टिकली पातळ पात्याने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. चावी नुसती हलत असेल तर तो आवळणे एवढेच काम असते. चावी निघत नसेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून क्षार सैल करतात (मुलाम्यावर आम्ल याहून फार वेळ ठेवू नये) आणि मग दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून चावी सरळ वर ओढतात. हातोडीने ठोकल्यास दांडा वाकतो. वाकलेल्या दांड्याचा नळ पुढे कधीच सुरळीत चालत नाही.

दात झिजलेल्या चावीला खरा उपाय म्हणजे नवी चावी. ती आणताना जुनी चावी नमुना म्हणून दुकानात नेणे आवश्यक आहे, कारण दातांची संख्या (बहुधा २० किंवा २४) व दांड्याची जाडी उत्पादकागणिक बदलते. दांड्याचे दात शाबूत असून चावीचेच गेले असतील, तर दांड्यावर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे ताणून देऊन चावी दाबून बसवली व स्क्रू आवळला की काही महिने निभावते. काही प्लंबर टेपऐवजी बारीक तांब्याची तार घालतात, ती जास्त टिकते. एम-सीलने चावी कायमची चिकटवण्याची रीत सर्वत्र दिसते, पण ती टाळलेली बरी: पुढे वॉशर बदलायची वेळ आली की चावी फोडावी लागते आणि तिच्याबरोबर दांडाही जातो.

चावीच्या मुळाशी पाणी येत असेल तर दोष ग्लँडचा. चावी काढून ग्लँड नट पान्याने पाव फेरा आवळून पाहतात. त्याने चावी जड झाली किंवा गळती थांबली नाही, तर नट पूर्ण सोडून जुने भरण टोकदार सळईने उकरून काढतात. पूर्वी येथे चरबी लावलेला सुती दोरा भरीत. आता टेफ्लॉन टेपची पिळून केलेली दोरी किंवा ग्रॅफाइटची दोरी वापरतात. ती नट आवळण्याच्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळल्यास नट फिरताना ती उलगडून बाहेर येते. नव्या नळांत भरणाऐवजी रबरी ओ-रिंग असते. तिला सिलिकॉन ग्रीसच लावावे. खनिज तेलाच्या ग्रीसने काही प्रकारचे रबर फुगते व चावी पुन्हा जड होते.

सिरॅमिक तबकड्यांचे व एकदांडी नळ : सिरॅमिक तबकड्यांचा नळ (यात भोके असलेल्या दोन तबकड्या एकमेकींवर सरकून पाणी अडवतात) पाव फेऱ्यात बंद होतो, म्हणजे एका अर्थाने रोमन गट्टूकडे परतणे. झटक्यात बंद केल्यास नळमार्गात बसणारा हादराही त्याबरोबर परतला आहे. यात वॉशर नसल्याने चावी पिळण्याचे कारण उरत नाही, परंतु जुन्या सवयीने ती पिळली जातेच. चावी काढून परत बसवताना तिरकी बसली तर नळ बंद असताना ती भिंतीला टेकते. मग ती वर उचलून दातागणिक सरकवतात: २० दातांच्या दांड्यावर एका दाताने १८ अंश, २४ दातांच्या दांड्यावर १५ अंश फरक पडतो.

गरम व गार पाणी एकाच दांडीने मिसळणाऱ्या नळाचे श्रेय बहुधा अमेरिकेतील ॲल मोएन यांना दिले जाते. गरम पाण्याने हात पोळल्यावरून त्यांना १९३७ च्या सुमारास ही कल्पना सुचल्याची कथा सांगतात. असा नळ प्रत्यक्ष विक्रीस आल्याचे १९४७ हे वर्ष त्या कथेपेक्षा अधिक भरवशाचे आहे. गोलकाकार झडपेचा डेल्टा कंपनीचा नळ १९५४ मध्ये बाजारात आला. या नळांच्या दांडीचा स्क्रू टिकलीखाली किंवा दांडीच्या मागे लपलेला असून तो सहसा २.५ किंवा ३ मिमी. ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सुटतो. दांडी डुगडुगू लागल्यास बहुतेकदा हाच स्क्रू ढिला असतो.

भारतात तांब्याच्या मिश्रधातूंच्या आट्यांच्या नळांसाठी आयएस ७८१ आणि प्लॅस्टिकच्या नळांसाठी आयएस ९७६३ ही मानके आहेत. प्लॅस्टिक नळाचे आटे पान्याच्या जोराने सहज जातात, म्हणून त्याचा ग्लँड नट शक्यतो हातानेच आवळतात. तडकलेली प्लॅस्टिकची चावी दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, ती बदलतात.