ग्रेट ओशन रोड आणि ग्रेट ओशन वॉक : गाडीची वाट कुठली, पायांची कुठली?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात कॅम्परव्हॅनने फिरायचं ठरलं की ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. रोडच्या कडेकडेने जाणारी पायवाट म्हणजे वॉक, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात वॉक जिथे किनारा धरून चालतो, नेमका तिथेच रोड समुद्र सोडून जंगलात शिरतो.

रोड टॉर्केपासून ॲलन्सफर्डपर्यंत, साधारण २४० किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला आणि युद्धात गेलेल्या सोबत्यांना अर्पण केला. गाडीतून समुद्र बघायचा असेल तर लॉर्न ते अपोलो बे या तुकड्याला तोड नाही. टॉर्केकडून निघा, समुद्र डाव्या हाताला राहतो आणि वाहतूकही डावीकडून असल्याने कुठेही थांबायला सोपं जातं.

अपोलो बेनंतर रोड ऑटवेच्या डोंगरांत चढतो आणि लॅव्हर्स हिलवरून थेट प्रिन्सटाउनच्या बाजूला उतरतो. मधे कॅसल कोव्हला तेवढा समुद्र दिसतो. तरी हा भाग घाईने उरकू नका. मेट्स रेस्टची फेरी जेमतेम ८०० मीटरची, पण उंच नेचे आणि शेवाळाने मढलेली 'मर्टल बीच' जातीची जुनी झाडं बघत तिथे तास सहज जातो.

वॉक अपोलो बेहून ट्वेल्व्ह अपोसल्सपर्यंत, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या चुनखडीच्या सुळक्यांपर्यंत जातो. शंभरेक किलोमीटरची ही वाट २००६ मध्ये खुली झाली. वाटेत केप ऑटवेचं १८४८ सालचं दीपगृह लागतं. पुढे रेक बीचवर साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरलात की ओहोटीच्या वेळी 'मरी गाब्रिएल' आणि 'फिजी' या फुटलेल्या जहाजांचे नांगर खडकांत रुतलेले दिसतात, गंजून पार तांबूस झालेले. भरतीत मात्र किनाऱ्यावरून चालणं धोक्याचं. तेव्हा कड्यावरची वाट धरायची. मधेमधे बूट घासून धुण्याची ठिकाणं आहेत, ती टाळू नका. झाडांची मुळं कुजवणारा रोग मातीतूनच पसरतो.

खरा घोळ होतो तो मुक्कामाचा. वॉकवरचे तळ फक्त चालत येणाऱ्यांसाठी. आधी बुकिंग करायचं आणि पूर्वेकडून पश्चिमेकडेच जायचं. ब्लँकेट बे, एअर रिव्हर आणि जोहाना बीच इथे गाडीवाल्यांसाठी वेगळी कॅम्पग्राउंड आहेत. ब्लँकेट बेचा रस्ता कच्चा आहे, तेव्हा भाड्याच्या गाडीला अशा रस्त्यावर परवानगी आहे का ते करारात बघा. व्ह्यूपॉइंटच्या पार्किंगमध्ये रात्र काढायला मनाई आहे.

दोन्हींची चव घ्यायची असेल तर व्हॅन कॅसल कोव्हला ठेवून जोहानाच्या दिशेने चालत जा आणि परत या. नुकताच पाऊस झाला असेल तर जोहाना नदीचं मुख ओलांडण्याआधी पाण्याचा अंदाज घ्या. जोर जास्त वाटला तर तिथूनच मागे फिरा.