केफिरचे दाणे नेताय? आधी दूध पूर्ण निवू द्या

आमच्याकडून दाणे नेणाऱ्या ताई-दादांसाठी. बाटली उघडण्याआधी एकदा वाचून घ्या, ही विनंती.

दाणे घेऊन गेल्यावर चार-पाच दिवसांनी जे फोन येतात, ते बहुतेक एकाच गोष्टीचे असतात. "दाणे मेले जी, काही जमून नाही राहिलं." आम्ही विचारतो, दूध कसं घेतलं होतं? उत्तर ठरलेलं असतं, "कोमट केलं होतं ना, दह्याला करतो तसंच."

सगळा घोटाळा इथेच होतो. केफिर म्हणजे हे दाणे दुधात टाकून आंबवलेलं, पातळ दह्यासारखं आंबट पेय. ते कसं पितात हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही दाणे नेले. फक्त दही लावायचा हात इथे चालत नाही.

दह्याच्या विरजणाला ऊब लागते. 40 अंशांच्या आसपासचं दूध त्याला मानवतं, म्हणून थंडीत आपण दह्याचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीजवळ ठेवतो, गोधडीत गुंडाळतो. केफिरचे दाणे मूळचे कॉकेशस पर्वताकडचे, गार मुलखातले. त्यांना 20 ते 25 अंश तापमान लागतं. या दाण्यात नुसते जिवाणू नसतात, यीस्टही असतं. त्यातले काही जिवाणू केफिरान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात आणि बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने एकत्र राहतात. दूध 40 अंशांच्या वर गेलं की हा मेळ बिघडतो. त्याहून बरंच गरम असेल तर दाणा मरतोच.

आणि मेलेला दाणा ओळखू येत नाही, हा खरा त्रास आहे. तो पांढराच दिसतो, हाताला रबरीच लागतो. तुम्ही आपले रोज नवं दूध घालता, रोज वाट पाहता. आठवडाभराचं दूध वाया जातं, मग फोन येतो, मग आम्ही नवे दाणे पाठवतो, आणि पुन्हा कोमट दुधात पडले तर पुन्हा तेच. म्हणून हे माहितीपत्रक बाटलीसोबत देतो आहोत.

दूध कसं निववायचं

कच्चं दूध वापरू नका, मग ते घरच्या गाईचं का असेना. आधी नीट उकळी आणा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार), क्षय असे आजार येऊ शकतात आणि केफिरच्या आंबटपणाने त्यांचे जंतू मरतीलच असं धरून चालू नये. उकळल्यावर गंज खाली उतरवा आणि झाकण अर्धवट ठेवून निवू द्या.

आता इथे नीट लक्ष द्या. म्हशीच्या दुधावर जाड साय धरते आणि तिच्याखाली उष्णता कोंडून राहते. बाहेरून गंजाला हात लावला तर गार लागतो, वरची साय गार असते, पण मधलं दूध अजून चांगलं कोमट असतं. पुष्कळ जणींचं फसतं ते इथेच. साय आधी काढून घ्या. ती दाण्यांना चिकटली तर दाणे बुळबुळीत होतात आणि दूध आतपर्यंत पोचत नाही, म्हणून ती तशीही काढायचीच आहे. मग पळीने दूध तळापासून ढवळा आणि दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाका. थेंब गरमही लागू नये, गारही लागू नये, नुसता ओला लागावा. थोडी जरी ऊब जाणवली तर थांबा. घाई असेल तर गंज परातीतल्या गार पाण्यात ठेवा आणि दूध ढवळत राहा.

फ्रिजमधलं उकळलेलं दूध असेल तर ते सरळ ओता, गरम करू नका. गार दुधाने दाण्याचं काही बिघडत नाही, केफिर व्हायला थोडा उशीर होतो इतकंच.

पहिल्या दिवशीचं काम

आमच्या बाटलीत थोडं दूध आणि त्यात फुलकोबीच्या तुऱ्यासारखे दाणे असतात. ते प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या गाळणीत ओता, धुवू नका. काचेच्या बरणीत टाका आणि एक मोठा चमचा दाण्यांना पाव लिटर निवलेलं दूध घाला. बरणी पाऊण भरली की बस. त्यात वायू तयार होतो, तेव्हा झाकण घट्ट आवळू नका. तोंडाला सुती फडकं बांधा, त्यावर रबर लावा. मुंग्या आणि चिलटं यांच्यापासून जपा.

धुवू नका हे पुन्हा सांगतो, कारण दाणे स्वच्छ पांढरे दिसावेत म्हणून नळाखाली धरायची फार जणांना सवय आहे. गावच्या विहिरीत, टाकीत ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर टाकते, ती जंतू मारण्यासाठीच. दाण्यातलेही जंतूच आहेत. अगदी धुवायचेच झाले तर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदा बुचकळा, पण खरं तर गरज नसते.

पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम लांब ठेवा. आंबट दूध या धातूंना खातं. स्टीलचा चमचा, स्टीलची गाळणी चालते, तेवढ्या वेळात काही होत नाही.

साधारण 24 तासांनी बरणी तिरपी करून बघा. दूध घट्टसर होऊन बरणीच्या कडेपासून सुटतं, वास आंबूस पण ताजा येतो. गाळा, खालचं केफिर प्या, वरचे दाणे पुन्हा नव्या दुधात. पहिल्या दोन-तीन वेळचं केफिर चवीला यथातथाच निघतं, कारण दाणे प्रवासातून आलेले असतात, दूधही त्यांना नवं असतं. वास ताजा असेल तर ते कढीला वापरा, कढीगोळ्यांना छान लागतं. त्यावरून दाणे खराब आहेत असं ठरवू नका.

उन्हाळ्याचं काय

वऱ्हाडात, नागपूर-वर्ध्याकडे, चंद्रपुराकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. एप्रिल-मेच्या दुपारी टिनाखालच्या स्वयंपाकघरात निवलेलं दूधही पुन्हा कोमट होतं. म्हणजे तुम्ही सगळं बरोबर केलं तरी दुपारी दूध आपोआप चुकीच्या गरमीला जातं.

यावर आमचा उपाय साधा आहे. परातीत दोन बोटं पाणी घाला, मधोमध बरणी ठेवा. जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं ओलं करून बरणीभोवती गुंडाळा, त्याची टोकं परातीतल्या पाण्यात सोडा. फडकं पाणी वर ओढत राहतं, कोरड्या हवेत ते वाळत राहतं आणि बरणी गार राहते. हवा खेळती हवी, म्हणून कपाटात ठेवू नका. कूलरच्या वाऱ्यात ठेवली तर आणखी चांगलं. संध्याकाळी परातीत पाणी उरलं आहे का तेवढं बघायचं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा फडक्याचा उपयोग होत नाही, पण तेव्हा त्याची तितकी गरजही पडत नाही.

उन्हाळ्यात दूध दुप्पट घ्या, म्हणजे त्याच एका चमचा दाण्यांना अर्धा लिटर. आणि बरणी रात्री आठ-नऊला लावा. सकाळी उठल्या-उठल्या बघा, बहुतेक झालेलं असतं. दिवसभर बाहेर राहू दिलं तर दही वर आणि पिवळसर पाणी खाली असं वेगळं होतं. ते खराब झालेलं नसतं, जास्त आंबलेलं असतं. हलवा, गाळा, मीठ-जिरं घालून मठ्ठा करा.

25 मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्या दिवसांत ज्यांच्या घरी गार जागाच नाही, त्यांनी सरळ दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि आठवड्या-दहा दिवसांनी दूध बदलावं. वीज दोन-चार तास गेली तरी काही होत नाही. रोहिणी सरली, मृगाचा पाऊस आला की पुन्हा बाहेर काढा. एक-दोन वेळा दूध बदलल्यावर ते पूर्ववत काम करतात. थंडीत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली गेला तर दीड दिवसही लागतो. तेव्हाही चुलीजवळ नेऊ नका. थांबा, होतं.

तरीही जमत नसेल तर

दुधाकडे बघा. गाय-म्हशीला कासेची दगडी झाली आणि डॉक्टरांनी प्रतिजैविकाची सुई दिली, तर औषध काही दिवस दुधातून येतं. त्या दुधाला दहीसुद्धा धड लागत नाही, दाण्यांचं तर नुकसानच होतं. डॉक्टरांनी जितके दिवस दूध वापरू नका म्हणून सांगितलं असेल तितके दिवस ते वापरू नका, चहालाही नको. विकतचं दूध असेल तर आणखी एक शक्यता असते. उन्हाळ्यात दूध फाटू नये म्हणून काही जण त्यात खायचा सोडा टाकतात. असं दूध आंबायला नाखूष असतं. दूधवाला बदलून बघा. आमच्या गोठ्यातलं गवळाऊ गाईंचं दूध सकाळी मिळतं, पण दाण्यांसाठी तेच घ्या असा आमचा अजिबात आग्रह नाही. पिशवीतलं दूधही चालतं. म्हशीच्या दुधाचं केफिर घट्ट होतं, गाईच्या दुधाचं पातळ आणि प्यायला सोपं.

दाण्यांवर गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट डाग दिसले, केसाळ बुरशी दिसली किंवा सडका वास आला तर सगळं टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरू असं इथे करायचं नाही. बरणी उकळत्या पाण्याने धुवा. दाणे थोडे पिवळसर असणं मात्र नेहमीचं आहे.

माळकरी मंडळी नेहमी एक विचारतात, त्यांना सरळ सांगतो. यीस्ट असल्यामुळे केफिरात मद्यार्काचा अगदी थोडा अंश तयार होतो, साधारणपणे एक टक्क्याच्या आत. बरणी जितकी जास्त वेळ बंद करून ठेवाल तितका तो वाढतो. रात्री लावून सकाळी गाळलेल्यात तो कमी असतो. ज्यांना तेवढाही नको, त्यांनी आपलं ताकच प्यावं, ते काही कमी नाही.

दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्यांना केफिर बऱ्याचदा सोसतं, कारण दुधातली साखर त्यात कमी झालेली असते. पूर्ण संपलेली नसते, म्हणून सुरुवात अर्ध्या वाटीने करा. केफिरने शुगर बरी होते, सांधे मोकळे होतात असं आम्ही कोणालाही सांगत नाही आणि आमच्या नावावर कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मोठं आजारपण चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

आमच्या पद्धतीबद्दल थोडं

"एवढेसेच दाणे देता?" असं काही जण म्हणतात. मुद्दाम देतो. दाणे जास्त आणि दूध कमी असलं की दूध पटकन आंबतं आणि ते उपाशी राहतात. एक चमचा नीट सांभाळला तर काही आठवड्यांत तो वाढतो आणि शेजारच्या काकूंना द्यायला उरतो. त्यांना जरूर द्या, आमचं त्यात नुकसान आहे असं समजू नका. तुमच्याकडून घेऊन ज्यांचं जमलं, त्यांच्यापैकी बरेच जण पुढे बरणी, गाळणी आणि दूध घ्यायला आमच्याकडेच येतात.

वाळवलेली पावडर ठेवा असंही सुचवतात. पावडर टिकते, पाठवायला सोपी असते हे खरं, पण तिच्यातून दाणे तयार होत नाहीत. चार-सहा वेळा केफिर झालं की ती थकते आणि पुन्हा विकत घ्यावी लागते. जिवंत दाणे एकदाच घ्यावे लागतात. म्हणून आम्ही तेच ठेवतो.

एप्रिल ते मृग लागेपर्यंत आम्ही एसटीच्या पार्सलने दाणे पाठवत नाही, कितीही आग्रह केला तरी. आर्वीहून यवतमाळला बस जाईपर्यंत टपावर नाही तर सीटखाली ती बाटली कुठल्या उन्हात तापेल हे आमच्या हातात नाही. या दिवसांत सकाळी लवकर येऊन घेऊन जा, सोबत ओलं फडकं किंवा बर्फाची पिशवी आणा. गाडीच्या डिकीत ठेवू नका.

पहिल्या पंधरा दिवसांत दाणे गेले तर एकदा बदलून देतो, पैसे न घेता. दुसऱ्यांदा निम्मे पैसे घेतो. हे काहींना आवडत नाही, पण एक चमचा दाणे वाढवायला आम्हालाही रोज दूध घालावं लागतं.

बदलून घ्यायला येताना दाणे फेकून देऊ नका, बरणीसकट आणा. पुष्कळदा ते मेलेले नसतात, नुसते दमलेले असतात. दोन-तीन दिवस आमच्या दुधात ठेवून बघतो आणि जमले तर तुमचेच तुम्हाला परत देतो. फोन करण्याआधी बरणीचा उजेडात काढलेला फोटो बाटलीवरच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा. दूध किती वाजता उकळलं, किती वाजता दाणे टाकले आणि बरणी घरात कुठे ठेवली होती, तेही लिहा. संध्याकाळी धारा काढून झाल्या की आम्ही उत्तर देतो.